जोर कोनाचा हाय?

मॅडमनी मला पहिल्याच भेटीत विचारलेला पहिला प्रश्न होता, "जोर कोनाचा हाय?"

मी तेव्हा मीरा रोडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब इन्स्ट्रक्टर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. अकरा महिन्यांचं कंत्राट. हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांमागे उभी असलेली इमारत, तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. आत एक बाई पाठमोऱ्या बसलेल्या. प्रश्न ऐकला आणि मी गार पडलो. वशिल्याने लागलेल्या माणसाला वशिला इतक्या उघडपणे कुणी विचारत नाही. पण विचारलंच आहे तर लपवून काय करणार? मी मान खाली घालून सांगून टाकलं, "माझ्या आत्याचे यजमान ट्रस्टींच्या ओळखीचे आहेत."

बाई खुर्चीसकट वळल्या. त्यांच्या मागे स्क्रीनवर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता.

"अरे, मी या उंटाचं विचारतेय," त्या म्हणाल्या. "ह्याला मारला तर उलट मारायला मागे कोण आहे? त्याला जोर म्हणतात. जोर नसला तर मोहरा उघडा. कळलं?" आणि मग जे हसायला लागल्या ते डोळे पुसेपर्यंत हसल्या. पुढचं वर्षभर माझं नाव त्या खोलीत 'आत्याचे यजमान' असं होतं. "आत्याचे यजमान, जरा तो प्रिंटर बघा." मी बघायचो. दुसरं काय करणार?

माझं निम्मं आयुष्य गिरगावात गेलं. विद्वान माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यातली बरीचशी विद्वान असल्याचं स्वतःच सांगत. मॅडम तसल्या नव्हत्या. भाईंदर पश्चिमेच्या मोरव्याची ही बाई, कोळ्याची मुलगी. सुती पंजाबी ड्रेस, पायात रबरी चप्पल, मनगटावर बापाचं जुनं मोठं घड्याळ, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीचा वास तिसरा मजलाभर सुटायचा आणि शेजारच्या खोलीतले शाकाहारी प्रोफेसर दार लावून घ्यायचे. मॅडम त्यांना दारातून ओरडून सांगायच्या, "सर, दार बंद करने से बास नहीं जाती, भूख जाती है." वर्गात त्यांचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही इस्त्री केलेलं असायचं. पण राग आला किंवा फार आनंद झाला की इस्त्री मोडायची आणि मोरवं बाहेर यायचं. मग 'आहे'चं 'हाय' व्हायचं आणि 'कोण'चं 'कोन'.

त्यांचं काम एकच होतं. संगणकाला बुद्धिबळ खेळायला शिकवणं. बावीस वर्षं त्या एकच प्रोग्राम लिहीत होत्या, खोडत होत्या, परत लिहीत होत्या. पीएच.डी.च्या वेळी त्यांच्या गाइडनी म्हणे सांगितलं होतं, "बाई, खेळ कसले करताय, बँकेच्या उपयोगाचं काहीतरी करा." मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि बुद्धिबळावरच प्रबंध लिहिला. कंपन्यांनी बोलावलं, परदेशातून बोलावणं आलं, ह्या गेल्या नाहीत. का नाही गेलात विचारलं तर म्हणायच्या, "तिथं माझ्या बापाशी खेलायला कोन हाय?"

त्या प्रोग्रामचं नावही बापूस. त्यांच्या घरात वडलांना बापूस म्हणतात. होडीवर जाणाऱ्या त्या माणसानं मुलीला सातव्या वर्षी पट शिकवला, म्हणून हे नाव. जगभरातल्या स्पर्धकांच्या यादीत एकाहून एक भारदस्त नावं असायची आणि मध्येच हा 'Bapus'. मी ती यादी घरी नेऊन बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "तुमचं नाव कुठाय?" माझं नाव नव्हतं. पण त्या यादीवर माझा हक्क आहे असं मला वाटायचं, अजून वाटतं.

मॅडमच्या टेबलावर बुद्धिबळाचं दोन तबकड्यांचं घड्याळ असे. समोरचा बोलायला लागला की त्या त्याच्या बाजूचं चालू करत, स्वतः बोलायला लागल्या की आपल्या बाजूचं. प्रत्येकाला तीन मिनिटं. विद्यार्थी असो, वह्या विकायला आलेला असो, प्रिन्सिपल असोत. तीन मिनिटं संपली की "तुमचा वेळ संपला," म्हणून त्या स्क्रीनकडे वळायच्या. एकदा युनिव्हर्सिटीचे तपासनीस आले. त्यांनी पावणेतीन मिनिटं स्वतःची ओळख करून देण्यात घालवली. उरलेल्या पंधरा सेकंदांत त्यांनी घाईघाईत सगळं उत्तम असल्याचं लिहून दिलं.

शिकवणं मात्र असं की माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला जन्मभर विसरता येऊ नये. बुद्धिबळात पुढच्या चालींच्या इतक्या शक्यता असतात की संगणकही सगळ्या बघू शकत नाही. मग कुठल्या सोडायच्या? मॅडम वर्गात विचारायच्या, "मासळीबाजारात गेलात. पहिल्या पाटीतला मासा बरा आहे, कुठलाही उचला. दुसऱ्या पाटीत वरच एक सडका दिसला. खालचे बघत बसाल?"

एखादा हुशार पोरगा म्हणायचा, "बघू की मॅडम, खाली पापलेट असेल."

"असेल. पन पाटी तू निवडनार, मासा कोळीण निवडनार. आणि कोळीण तुझ्या विरुद्ध खेळतेय. ती तुला सडकाच देनार. मग बाकीचे बघून वेळ कशाला घालवतोस? चल पुढच्या पाटीवर."

मोठमोठ्या पुस्तकांत दहा पानं घेऊन सांगितलेली गोष्ट ही बाई एका पाटीत सांगायची. नया नगरातल्या, आणखी कुठल्या कुठल्या गल्लीतल्या, गुजराती, मारवाडी, मल्याळी सगळ्या पोरांना ती समजायची. शाकाहारी पोरांसाठी त्या पाटीऐवजी आंब्याची पेटी घ्यायच्या.

प्रोग्राममधली नावंही त्यांनी मराठीच ठेवली होती. लिपी इंग्रजी, शब्द आपले. hatti, unt, vajir, pyade. आणि सगळ्यात महत्त्वाचा jor. परदेशातल्या एका प्रोग्रामरनं त्यांचा कोड वाचून अदबीनं पत्र लिहिलं की J.O.R. या तीन अक्षरांचं पूर्ण रूप कुठेच सापडत नाही, कृपया कळवावं. मॅडमनी चार पानी उत्तर धाडलं, सोबत बापाचा होडीवरचा फोटो. त्या माणसानं पुढे आपल्या प्रोग्राममध्येही तोच शब्द घेतला. आज कुठल्याशा थंड गावात बसून कोणीतरी मोरव्याचा शब्द टाइप करतोय, याचा मला जो अभिमान वाटतो तो माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

अलीकडे सगळ्यांचे प्रोग्राम लाखो डाव बघून आपले आपण शिकतात. पोरं मॅडमना चिडवायची, "मॅडम, अब कोई हाथ से नहीं लिखता." त्या म्हणायच्या, "ते जिंकतात. पण का जिंकले ते त्यांना सांगता येत नाही. माझा बापूस सांगतो." आणि खरंच सांगायचा. प्रत्येक चालीखाली मराठीत एक ओळ यायची. 'घोडा उघडा. जोर दिला.' 'हत्ती अडकला. वाट केली.' जणू शेजारी बसून कोणी समजावतंय.

या नावापायी एकदा जो घोटाळा झाला तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका सकाळी मॅडमनी ऑफिसात फोन केला, "आज येत नाही. बापूस पहाटे बंद पडला. खूप प्रयत्न केले, नाही उठला." हेडक्लार्क बाईंनी फोन ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. अकरा वाजता आम्ही सातजण दोन रिक्षांत कोंबून मोरव्याला. प्रिन्सिपलसाहेबांच्या हातात मोठा हार. मी घरी गावाला गेलो होतो आदल्या दिवशी, परतलो तो थेट रिक्षात, म्हणून फोनवर नेमकं काय बोलणं झालं ते मलाही कळलं नव्हतं.

ओटीवर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं.

"कोन गेला?" त्यानं विचारलं.

प्रिन्सिपलसाहेबांनी हलक्या आवाजात सांगितलं, "मॅडम के पिताजी."

"मी न्हाय गेलो," म्हातारा म्हणाला. "मना सांगितला असता."

तेवढ्यात मॅडम मांडीवरचा लॅपटॉप हातात घेऊन बाहेर आल्या आणि सगळा उलगडा झाला. हेडक्लार्क बाईंना हसावं की रडावं कळेना. प्रिन्सिपलसाहेब हार पाठीमागे लपवत होते. म्हाताऱ्यानं हात पुढे केला, "आनलाय तर घाला गल्यात. जिता असताना कोन घालतो?" तो हार त्यांनी दिवसभर काढला नाही. आणि आलेल्यांना रिकामं पाठवायचं नाही म्हणून चहाबरोबर पट मांडला.

माझी पाळी आली. मी चांगला हल्ला केला होता, त्यांचा राजा मध्येच अडकला होता. म्हाताऱ्यानं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाजूला नेऊन ठेवला.

"काका, राजा असा चालत नाही," मी म्हणालो.

"तुमच्यात न्हाय चालत. आमच्यात उडतो. आयुक्षात एकदा. शह बसला नसंल आनि जाग्यावरनं हलला नसंल तर एकदा उडी हाय त्याला. राजा हाय तो, यवडं बी न्हाय?"

ही आपल्याकडची जुनी रीत. आता स्पर्धेत कुठेच नाही. म्हाताऱ्यानं बाकीचे नवे नियम कुरकुरत का होईना घेतले होते, ही उडी मात्र सोडायला तयार नव्हता. म्हणून मॅडमनी त्यांच्यासाठी बापूसमध्ये एक सोय करून ठेवली होती. एकच ओळ. तिथे एक लिहिलं की राजाला उडी आहे, शून्य लिहिलं की नाही. त्या दिवशी मला म्हाताऱ्यानं प्याद्यानं मात दिली आणि वर सांगितलं, "प्यादेमात हाय, मोठी मात. रडू नको."

आता त्या स्पर्धेचं सांगतो. इतकी वर्षं टाळलं, पण मॅडमविषयी लिहायचं आणि हे नाही लिहायचं तर लेखणी उचलूच नये.

कॉलेजला मॅडमची खोली हवी होती. प्लेसमेंट सेलला जागा नव्हती आणि इथे एक बाई चार मशीनवर 'खेळत' बसलेली. प्रिन्सिपलसाहेब वाईट नव्हते, त्यांच्यावरही वरून दाब होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, इस बार पहले तीन में आ गए तो कमरा आपका. नहीं तो मेरे हाथ में कुछ नहीं." मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आपके दो मिनट बाकी हैं." साहेब ती दोन मिनिटं गप्प बसून राहिले.

स्पर्धा इंटरनेटवर होती. जगभरातले प्रोग्रामर आपापल्या खोलीत, पंच व्हिडिओवर. आमच्याकडून मॅडम आणि मी. आदल्या रविवारी मॅडम काही कामाला बाहेर होत्या आणि मी खोलीवर मशीन सांभाळत होतो. म्हातारा नातेवाइकांकडे मीरा रोडला आला होता, तिथून चालत कॉलेजात आला. "बापूसला सांग, बापूस आलाय," म्हणाला. एक डाव खेळायचा होता. मी ती ओळ उघडली, शून्याचं एक केलं. दोन तास म्हातारा खुशीत खेळला. मग मी त्यांना रिक्षात बसवून दिलं, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेलो.

एकाचं शून्य करायचं राहिलं.

पहिल्या फेऱ्यांत काही कळलंच नाही. बापूस लवकर किल्ला बांधायचा, म्हणजे राजा जागचा हलायचा आणि उडीचा प्रश्न मिटायचा. डाव मात्र असे खेळला की काय सांगू! एका नामांकित प्रोग्रामला त्यानं नुसत्या प्याद्यांनी गुदमरवलं. खाली ओळ येत होती, 'घाई नाही. जोर आहे.' शेवटच्या फेरीला आलो तेव्हा तिसऱ्या जागेसाठी नुसती बरोबरी पुरे होती. बातमी पसरली. खोलीत प्रिन्सिपलसाहेब, दोन ट्रस्टी, हेडक्लार्क बाई, दारात पोरं. माझं कंत्राट त्याच महिन्याअखेर संपत होतं.

त्या डावात किल्ला बांधायला फुरसत मिळाली नाही. राजा मध्ये राहिला. तरी डाव बरोबरीचा होता, मॅडमनीही तसं हळूच सांगितलं. बापूसनं विचार केला. मग स्क्रीनवर राजा उचलला गेला आणि अडीच घरं उडून बाजूला बसला. खाली ओळ आली, 'संकट होते. उडी घेतली.'

लगेच लाल अक्षरं. अवैध चाल. डाव गेला.

मला क्षणात रविवार आठवला, कुलूप आठवलं. व्हिडिओवरच्या पंचानं विचारलं की ही चूक कशी झाली. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण आवाज निघायच्या आत मॅडमच बोलल्या. चूक माझी, चाचणी घेताना मी जुना नियम चालू केला आणि बंद करायला विसरले, असं त्यांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं.

एक ट्रस्टी म्हणाले, "राजा ऐसे कैसे कूद गया, मॅडम?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, हमारे मोरवा में कूदता है," म्हणाल्या. ताठ मानेनं. जणू स्पर्धाच चुकली होती आणि राजा बरोबर होता.

मी तोंड मिटलं ते मिटलंच. खोली पंधरा दिवसांत प्लेसमेंट सेलला गेली. चारही मशीन टेम्पोत घालून मीच मोरव्याला पोचवली. माझं कंत्राट वाढलं. मॅडम वर्ग घेऊन सरळ घरी जायला लागल्या आणि ओटीमागच्या खोलीत, जाळ्यांच्या शेजारी, बापूसचं काम चालू झालं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत बापूस दुसरा आला. त्या उडीची गोष्ट तोवर सगळ्यांत पसरली होती, कुणीकुणी त्या नियमानं खेळायला लागलं होतं आणि त्याला 'मोरवा नियम' म्हणत होतं. पेपरात चार ओळी आल्या. कॉलेजनं मॅडमच्या फोटोचा फ्लेक्स गेटवर लावला. मी त्या फ्लेक्सखालून रोज मान खाली घालून जायचो.

गेल्या वर्षी मी कायम झालो. पेढे घेऊन पहिला गेलो तो मोरव्याला. मॅडम पटासमोर बसल्या होत्या. मी बसलो तसं त्यांनी सवयीनं माझ्या बाजूचं घड्याळ चालू केलं. मी पेढ्याचा पुडा हातात धरून बसून राहिलो. अडीच मिनिटं गेली असतील.

"मॅडम, तो रविवार," मी म्हणालो. "ती ओळ मी बदलली होती. काकांसाठी. परत करायला विसरलो. तुमची खोली माझ्यामुळे गेली आणि मी तिथे उभा राहून गप्प बसलो."

मॅडमनी हात पुढे केला आणि घड्याळ थांबवलं. दोन्ही बाजूंचं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. मग लॅपटॉप उघडून त्यांनी एक जुनी नोंद समोर केली. कुठली ओळ, कोणत्या रविवारी, किती वाजता, कोणी बदलली. शेवटी माझं नाव.

"फाइल सांगते सगलं," त्या म्हणाल्या. "स्पर्धेच्या दिवशी सकालीच दिसलं असतं, पन डाव चालू व्हायच्या आधी बघितलं न्हाय. बघायचं काम माझं. म्हंजे चूक माझीच झाली का न्हाय?"

"पण नाव माझं होतं. सांगायचंत ना तिथल्या तिथे!"

"सांगून काय झालं असतं? खोली तर गेलीच होती. तूही गेला असतास. राजा उडाला तेव्हाच तुझं तोंड बघून कललं, मोहरा उघडा पडलाय. मागं बघितलं, जोर कोनाचा हाय?" त्या थांबल्या आणि ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. "आत्याचे यजमान त्या दिवशी दिसले न्हाय कुटं. मग मीच दिला. चाल होती ती. त्यात काय यवडं?"

मी रडलो. चाळिशीचा बाप्या, कायम झालेला, पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन रडलो, त्याची मला लाज नाही. माझ्यामागे आयुष्यात कोणी उभं राहिलं असेल तर ती ही बाई, आणि तिनं ते तीन वर्षं बोलूनही दाखवलं नव्हतं.

बाहेरून म्हाताऱ्यानं हाक मारली, "कोन आलाय गो? पेढं कसलं?"

"आपला मानूस कायम झालाय," मॅडमनी आतूनच ओरडून सांगितलं.

"मंग बसव त्याला पटावर!"

बसलो. म्हाताऱ्यानं विसाव्या चालीपर्यंत माझा राजा कोंडला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कुठून वाट दिसेना. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मग मी राजा उचलला आणि अडीच घरं उडवला.

"शाब्बास," म्हातारा म्हणाला. "आता झालास मोरव्याचा."

डाव मी हरलोच. प्यादेमात.